पडलेली गाडी कोण उचलणार?

मी लोकांना गाडी पाडायला शिकवते, आणि त्याचे पैसे घेते. मुळशीच्या बाजूला, पौडच्या पुढे आमचं एक मैदान आहे. मैदान आपलं म्हणायचं म्हणून. प्रत्यक्षात तो एक वरकस माळ आहे. त्यात मुरमाचा एक उभा चढ, पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा, कातळाचा पायऱ्यापायऱ्यांचा एक पट्टा आणि एका अंगाला जागेच्या मालकांची, म्हणजे तात्यांची, आंबेमोहोराची खाचरं. खाचराच्या बांधावर कुणाची गाडी गेली तर तात्या त्या माणसाचा चेहरा विसरत नाहीत. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून लोक येतात. कुणाला लडाखला जायचं असतं, कुणाला स्पितीला, कुणी नुसताच डकार रॅलीचे व्हिडिओ बघून आलेला असतो.

पहिला धडा ठरलेला आहे. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, आणि हळूच आडवी करायची. मग उचलायची. हँडल धरून छातीशी ओढायची नाही, पाठ जाते. हँडल पूर्ण वळवून घ्यायचं, गाडीकडे पाठ करायची, कंबर सीटला टेकवायची, एक हात ग्रिपवर, दुसरा मागच्या कॅरिअरखाली, आणि पायांच्या जोरावर उलटं चालत जायचं. पडली ती उजव्या बाजूवर असेल तर आधी साइड स्टँड काढून ठेवायचा, नाहीतर उचललेली गाडी त्याच जोशात पलीकडे जाते. आपल्या पगारातून हप्ते भरलेली गाडी अशी मुद्दाम आडवी करायला कुणाचं मन होत नाही, म्हणून शिकवणीच्या गाड्या आमच्या असतात. त्या दिवसभर पडतात. चढावर पडतात, ओढ्यात पडतात, उभ्या उभ्या पडतात.

तेव्हा आमच्यासारख्यांनी गाड्या विकत घ्यायच्या म्हणजे त्या कशा पळतात यापेक्षा कशा पडतात हे बघून घ्यायच्या. हे आज मी सहज लिहितेय, पण गेल्या वर्षी आमच्याकडे नव्या गाड्यांवरून जी चर्चा झाली ती काही इतकी सरळ नव्हती.

जुन्या गाड्या म्हणजे हिरोच्या इम्पल्स. २०११ साली ही गाडी आली तेव्हा मी स्वतः शिकत होते. होंडा ब्राझीलमध्ये ब्रॉस नावाची एक गाडी विकायची, तिच्यावरून बेतलेली. दीडशे सीसी, तेरा-एक हॉर्सपॉवर, उंच मडगार्ड, लांब शॉकअप. आपल्याकडे दूधवाल्यांच्या राजदूत आणि येझदी कच्च्या वाटांवरून चाळीस चाळीस लिटरचे कॅन घेऊन कितीतरी आधीपासून जातच होत्या. पण मातीसाठी म्हणून बनवलेली आणि नंबरप्लेट लावून शोरूममधून बाहेर पडणारी परवडणारी गाडी म्हणजे इम्पल्सच. लोकांनी ती घेतली नाही. एवढ्या पैशात जास्त ताकदीची गाडी मिळते, असा हिशेब लोकांनी केला आणि काही वर्षांत कंपनीने ती बंद केली. आमच्याकडे आल्या त्या सगळ्या जुन्या बाजारातून. इंजिन हंक आणि सीबीझेड एक्स्ट्रीमच्या घराण्यातलं, त्यामुळे त्याचे भाग अजून मिळतात. पण पुढचा शॉकअप, टाकीच्या बाजूचं प्लास्टिक, मडगार्ड यांच्यासाठी आमच्या मेकॅनिकला, भाईंना, भंगारवाल्यांशी नाती जोडून ठेवावी लागली. शेवटी भाईंनीच हात टेकले. "आता या गाड्यांचं वय झालं, ताई. मी रोज जोडतोय, तुम्ही रोज पाडताय."

मैदान चालवणारे आमचे सर पूर्वी आयटीत होते. त्यांनी एक्सेल शीट केलं, हे ओघानेच आलं. गाड्या उभ्या ओळीत, गुण आडव्या ओळीत: ताकद, टॉर्क, सस्पेन्शनचा पल्ला, जमिनीपासूनची उंची, वजन, टाकी, किंमत. प्रत्येकाला भारांक. हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही, तिचाच उंच अवतार प्रो, नवी एक्सपल्स २१०, रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, कावासाकीची केएलएक्स २३० आणि केटीएमची ३९० एंड्युरो आर. शीटने केटीएमला पहिला नंबर दिला, आणि कागदावर त्यात खोट काढायला जागा नव्हती. ४६ हॉर्सपॉवर, १७७ किलो, एप्रिल २०२५ मध्ये आली तेव्हाची किंमत ३ लाख ३७ हजार. शिवाय बनते चाकणला, बजाजच्या कारखान्यात. "आपल्या जिल्ह्यातली गाडी आहे," सर म्हणाले. हा मुद्दा शीटमध्ये नव्हता, पण त्यांच्या आवाजात होता.

मी विचारलं, "सर, यावर पहिल्यांदा बसणारा माणूस कोण असणार?"

आमच्याकडे येणाऱ्यांत आता बऱ्याच बायका असतात. त्यांच्यासाठी तरी उंची हा पहिला प्रश्न असतो, आणि मी स्वतः पाच फूट दोन इंच असल्यामुळे तो माझाही आहे. तर सीटची उंची. हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटर, वर-खाली करता येणारी. साधी एक्सपल्स ८२५. २१० ची ८३०. केटीएम ८६०. केएलएक्स ८८०. आणि एक्सपल्स प्रो ८९१. हे आकडे बघून कमी उंचीचा माणूस हिमालयनकडे वळतो आणि केएलएक्सचं नावही घेत नाही. शोरूममध्येही त्याला तेच सांगतात. पण कागदावरची सीटची उंची ही रिकाम्या गाडीची असते, आणि गाडीवर माणूस बसल्यावर ती गाडी किती खाली बसते हे त्या माणसाच्या वजनावर असतं.

याला सॅग म्हणतात. मातीत चालवायची गाडी नीट लावलेली असेल, तर स्वार बसल्यावर मागच्या सस्पेन्शनने आपल्या पल्ल्याचा साधारण तीस टक्के भाग खाल्लेला असावा, असा जगभरचा ढोबळ नियम आहे. एक्सपल्स प्रोचा मागचा पल्ला २२० मिलिमीटर. म्हणजे साठ-सत्तर मिलिमीटर ती खाली यायला हवी. पंच्याहत्तर किलोचा माणूस बसला की येतेही. मी बसते तेव्हा स्प्रिंगला काही विशेष घडल्याचं जाणवत नाही. त्यामुळे उंच माणसाला, जो सहसा वजनदारही असतो, ती गाडी आणखी बुटकी होऊन मिळते, आणि ज्याला तीन बोटं कमी हवी होती त्याच्यासाठी ती तशीच उंच राहते. यावर प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, सैल करायचा, हे सगळे सुचवतात. तो सैल केला की गाडी थोडी खाली येते, पण मऊ होत नाही; स्प्रिंग तीच असते. हलक्या माणसाला खरं तर हलकी स्प्रिंग हवी, आणि ती शोरूममध्ये मिळत नाही.

दुसरी गोष्ट सीटच्या रुंदीची. हिमालयनची सीट आणि टाकी लांबच्या प्रवासासाठी आहे, मांड्या फाकतात, पाय जमिनीकडे सरळ जात नाही. केएलएक्सची सीट एखाद्या फळीसारखी अरुंद आहे. तिच्यावर मी एका बाजूला सरकून एका पायाचा पंजा टेकवते आणि तेवढं पुरतं. दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत हा रस्त्यावरचा आग्रह आहे. मातीत थांबताना आपण एकच पाय कुठे ठेवायचा ते आधी शोधतो, आणि तो नेहमी चढाच्या बाजूचा. उताराच्या बाजूला पाय खाली सोडला तर तिथे जमीन आणखी फूटभर खाली असते, मग सहा फुटी माणूसही पडतो. हे मी मुलींना पहिल्या तासाला सांगते, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा सीटच्या उंचीचा धसका बराच उतरतो.

वजनाचं मात्र तसं नाही. त्याला पळवाट नाही.

हिमालयन ४५० पेट्रोलसह १९६ किलो. केएलएक्स १३९. फरक ५७ किलोंचा, आणि माझं स्वतःचं वजन त्याहून कमी आहे. एक्सपल्स २०० एकशे साठच्या आत-बाहेर, २१० म्हणजे १६८. लोक म्हणतात, चालायला लागली की वजन जाणवत नाही. खरं आहे, आणि हिमालयनच्या बाबतीत तर फारच खरं आहे. तिचं वजन इतकं खाली आहे की दगडगोट्यांवरून ती मोठ्या मायेने नेते. पण आमच्या धंद्यात गाडी चालत नसते तेव्हाच काम सुरू होतं. ओल्या मुरमाच्या चढावर मध्येच गाडी बंद पडली, मागे घसरली, चाकं चढाकडे आणि हँडल उताराकडे अशी झोपली, की तिथे पाठ टेकवून उलटं चालायला जागाच नसते. आधी तिला जमिनीवरच फिरवून चाकं उताराकडे आणावी लागतात, मग उचलावी लागते. सकाळच्या पहिल्या पडण्याला सगळे हसत हसत उचलतात. दुपारनंतर तोच माणूस हेल्मेट काढून गाडीशेजारी बसून राहतो. त्या वेळेला त्याचे हात थरथरत असतात, क्लचची बोटं आखडलेली असतात, आणि पुढची चूक तो त्यामुळे करतो. पाय मोडतात ते दुपारी चारनंतर. जड गाडीवर शिकणाऱ्याची ती चारची वेळ बाराला येते.

सरांना हे पटत होतं, पण शीटमध्ये वजनाला जो भारांक होता तो ताकदीइतकाच होता. मी म्हटलं, शीट राहू द्या, गाड्या आणू या.

आता गाड्या आणायच्या कुठून? मातीच्या गाडीची टेस्ट राइड हा एक गमतीचा प्रकार आहे. शोरूमवाले दहा मिनिटं देतात, डांबरी रस्त्यावर, आणि आपला एक पोरगा दुसऱ्या गाडीवर मागून पाठवतात. त्या दहा मिनिटांत फार तर एक गतिरोधक येतो. "मॅडम, उडवून बघा की," एका पोऱ्याने मला उत्साहाने सांगितलं. गतिरोधकावरून उडवल्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. मग आम्ही आमच्याच जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं. ज्यांच्याकडे यांतली जी गाडी आहे ती घेऊन या, जेवण आमच्याकडून, तात्यांच्या घरचं, आंबेमोहोराचा भात आणि मटण. सगळे आले. एक अट घातली होती, की कुणीही वेग दाखवायचा नाही.

आम्ही मुख्य परीक्षा ठेवली ती चढावर थांबण्याची. मुरमाच्या चढाच्या मध्यावर थांबायचं, इंजिन बंद करायचं, आणि मग तिथून पुन्हा निघायचं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण यात गाडीचं बहुतेक सगळं उघडं पडतं: पुढचा ब्रेक धरलेला असताना चाक घसरतं का, न्यूट्रल चटकन सापडतं का, बूट घातलेल्या पायाला गिअरचा दांडा लागतो का, क्लच कुठे पकडतो, आणि हाफ क्लचवर इंजिन दम धरतं की आचके देतं. ३९० चं इंजिन मोकळ्या जागेत मिळालं की मन भरतं, यात शंकाच नाही. वर टेकाडावर ती ज्या झेपेने गेली तशी दुसरी एकही गेली नाही. पण तिची ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. नवखा माणूस चढावर घाबरून थ्रॉटल कमी ठेवतो, तिथे ती अडखळते. मग तो घाबरून थ्रॉटल जास्त देतो, तिथे मागचं चाक खड्डा खणतं. तिला हात तयार असलेला माणूस हवा. तिचा दोष नाही तो. ती शर्यतीच्या अंगाने जाणाऱ्या माणसासाठी बनवलेली आहे, आणि एक्सेलला हे कळायचं कारण नाही.

एक्सपल्स २०० चढावर निघाली ती एखाद्या घाईत नसलेल्या माणसासारखी. एकोणीस हॉर्सपॉवर. फेऱ्या पडल्या तरी ती एकदम मरत नाही, कण्हत कण्हत पुढे येते, आणि नवख्या माणसाला क्लच आठवायला तेवढी फुरसत मिळते. केएलएक्सची ताकद तिच्यापेक्षाही किंचित कमीच, अठराच्या आसपास, पण वीस किलोंनी हलकी असल्यामुळे तेवढ्यावर ती सहज चढते. हिमालयनच्या इंजिनाला खाली भरपूर जोर आहे, ४० न्यूटन-मीटर, आणि चढावर निघताना तिने कुणाला त्रास दिला नाही; जो त्रास झाला तो आडव्या घसाऱ्यावर वळवताना.

मग उभं राहून चालवण्याची गोष्ट. मातीत बराचसा वेळ फुटपेगवर उभं राहून जातो, आणि बसून तपासलेली गाडी उभं राहिल्यावर वेगळीच निघते. हँडल किती खाली वाटतं, गुडघ्यांत टाकी सापडते का, पेग अरुंद आहेत का. सहा फुटी माणसाला जवळजवळ प्रत्येक गाडीवर हँडल वर उचलायचा राइझर लागला. मला एकीवरही नाही. उंचीचा फायदा मला पहिल्यांदाच मिळाला, तो मी सगळ्यांना दोनदा सांगितला.

दुपारी जेवताना अपेक्षेप्रमाणे कुणीतरी विषय काढला, की या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या गाड्या, खरी एंड्युरो घ्या. खरी म्हणजे शर्यतीची. एंड्युरोचा, म्हणजे रानवाटांवरच्या लांब शर्यतींचा, खेळ जुना आहे. इंटरनॅशनल सिक्स डेज नावाची स्पर्धा इंग्लंडमधल्या कार्लाइल शहरातून १९१३ साली सुरू झाली आणि आजही भरते. सहा दिवस, रोज लांबलचक वाटा, आणि गाडी दुरुस्त करायची ती स्वाराने स्वतःच, ठरलेल्या वेळात. त्या परंपरेतली केटीएम ३५० ईएक्ससी-एफ नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतात आली. किंमत तेरा लाखांच्या आसपास. वजन इकडच्या गाड्यांपुढे नगण्य, शंभर किलोंच्या थोडं वर. मी ती एकदा चालवली आहे, दुसऱ्याच्या कृपेने, आणि परत देताना बरं वाटलं नाही. पण या गाड्यांची सर्व्हिस किलोमीटरवर नसते, तासांवर असते. हँडलवर तासांचं मीटर असतं, थोड्या तासांनी ऑइल, काही तासांनी व्हॉल्व्ह बघायचे, आणि पुढे पिस्टन बदलायचा. एवढ्याशा इंजिनातून एवढी ताकद काढायची आणि ते हलकंही ठेवायचं, तर त्याचं आयुष्य मोजकंच असणार. आमच्याकडे एक गाडी शनिवार-रविवारी दिवसभर सुरू असते, त्यातला निम्मा वेळ पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर. भाईंनी जेवता जेवता बोटांवर हिशेब केला आणि म्हणाले, "म्हणजे मी रोज इंजिन खोलत बसायचं. बसतो, पगार वाढवा."

भाईंची परीक्षा आमच्यापेक्षा वेगळी होती. आम्ही गाड्या फिरवत होतो तेव्हा ते पाना घेऊन प्रत्येक गाडीभोवती हिंडत होते आणि मालकांना सांगून एक एक गोष्ट खोलत होते. एअर फिल्टरपर्यंत पोचायला किती बोल्ट? मैदानावर उन्हाळ्यात इतकी धूळ असते, की फिल्टर रोज साफ करावा लागतो. सीट आणि दोन पॅनल काढून मग तो मिळत असेल तर महिनाभराने कुणी काढणार नाही. मागचं चाक काढायला कोणता पाना लागतो, तो गाडीसोबत येतो का? ब्रेकचा पेडल किती बाहेर आलाय, तो वाकला तर सरळ होईल की तुटेल? इंजिनाच्या पोटाखालची बॅश प्लेट खरी आहे की दिखाऊ? रेडिएटर कुठे आहे? या शेवटच्या प्रश्नावर ते फार अडून बसले. पाण्याने थंड होणारं इंजिन लांबच्या प्रवासाला उत्तम, पण मैदानावर गाडी कुशीवर पडते तेव्हा पहिला धक्का हँडलला, दुसरा पेगला आणि तिसरा कधी कधी रेडिएटरच्या जाळीला. हँडगार्ड आणि क्रॅश गार्ड लावून तो वाचवता येतो, पण गार्डचं वजन आणि खर्च त्यात धरा, असं त्यांचं म्हणणं. एक्सपल्स २०० आणि केएलएक्स दोन्ही हवेवर थंड होणाऱ्या, पहिलीला ऑइल कूलर. २१०, हिमालयन आणि केटीएम पाण्याच्या. हवेवरचं इंजिन हळू चढाला तापतं, हेही तितकंच खरं. पण तेव्हा आम्ही चहा घेतो.

आणि सुटे भाग. क्लचचा लिव्हर ही आमच्या धंद्यातली पेन्सिल-खोडरबरासारखी वस्तू आहे, डझनाने लागते. एका कंपनीचा एक साधा लिव्हर मागवला तेव्हा तो येईपर्यंत गाडी उभी राहिली आणि दोन रविवारांची बुकिंगं दुसऱ्या गाडीवर ढकलावी लागली. नाव घेत नाही, सगळ्यांचंच कधी ना कधी होतं. पण हिरोचे भाग पिरंगुटला मिळतात, पौडला मिळतात, आणि नाही मिळाले तर कुणीतरी येताना पुण्यातून घेऊन येतो. भाईंच्या शीटमध्ये, जी त्यांच्या डोक्यात होती, या एका ओळीला बाकी सगळ्यांहून जास्त भारांक होता.

ब्रेकचं थोडक्यात. २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सगळ्या नव्या गाड्यांना चाक अडकू न देणारा एबीएस सक्तीचा आहे, आणि रस्त्यावर तो जीव वाचवतो. सैल मुरमाच्या उतारावर मात्र मागचं चाक अडकून थोडं घसरलेलंच बरं. त्याच्यापुढे मातीचा ढीग साठतो आणि तोच गाडीला धरतो. त्यामुळे एबीएस बंद करता येतो का, आणि कितपत, हे बघायचंच. हिमालयनमध्ये मागचा बंद होतो, एक्सपल्स २०० फोर-व्हीला २०२३ पासून रस्ता, ऑफ-रोड आणि रॅली असे तीन पर्याय आहेत. टायरवर मी वेळ घालवला नाही. कंपनीकडून आलेले टायर कोणत्याही गाडीचे असोत, मुळशीच्या पहिल्या पावसात बदलावे लागतात, ते धरूनच पैसे काढून ठेवायचे.

पैशांची बाजू मधल्या काळात आपोआप हलली. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर आले. साडेतीनशे सीसीपर्यंतच्या दुचाकींवर २८ चे १८ टक्के झाले आणि त्यावरच्या गाड्यांवर ४०. हिमालयन आणि ३९० त्या रेघेच्या पलीकडे गेल्या, बाकीच्या अलीकडे राहिल्या. केएलएक्सची गोष्ट तर आणखी गमतीची. डिसेंबर २०२४ मध्ये ती आली तेव्हा किंमत ३ लाख ३० हजार होती आणि आम्ही तिला शीटमध्ये केवळ शोभेला ठेवलं होतं. पुढच्याच वर्षी ती दोन लाखांच्या आत आली. ज्यांनी आधी घेतली होती त्यांतला एक आमच्याकडे येतो. त्याच्यासमोर हा विषय आम्ही काढत नाही.

आणखी एक विचार करावा लागला, जो गाडीचा नव्हता. नंबरप्लेट हवी की नको. शर्यतीच्या आणि नोंदणी न होणाऱ्या गाड्या हलक्या आणि स्वस्तही मिळू शकतात, केएलएक्सचीच तशी एक आवृत्ती आहे. पण त्यांना मैदानाबाहेर पाऊल टाकता येत नाही, पिकअपमध्ये घालून न्यायच्या. आमचा दुसऱ्या दिवसाचा धडा गावच्या पाणंदीने आणि जुन्या गाडीवाटेने जातो, दोन वाड्यांतून, सरपंचांना सांगून. तिथे विनानंबरची, फटफटणारी गाडी घेऊन जाणं मला पटत नाही. जंगल खात्याच्या हद्दीत तर आम्ही जातच नाही. ताम्हिणीच्या बाजूला लोक परवानगीशिवाय घुसतात आणि मग सगळ्यांच्याच वाटा बंद होतात. पाणंदीत बैलगाडी समोर आली की बाजूला थांबून इंजिन बंद करायचं, हेही आम्ही शिकवतो. हलकी, कमी आवाजाची, नोंदणी झालेली गाडी त्या वाटेवर पाहुण्यासारखी राहते.

शेवटी दसऱ्याला गाड्या आल्या. तीन एक्सपल्स २०० फोर-व्ही, त्यातल्या दोन वापरलेल्या, कारण नव्या गाडीला पहिला ओरखडा आम्ही स्वतःच पाडणार होतो, त्यासाठी पूर्ण किंमत मोजण्यात अर्थ नव्हता. वापरलेली बघताना भाईंनी मीटरकडे पाहिलंच नाही. स्टीअरिंगचे बेअरिंग, पुढच्या फोर्कची सीलं, चाकाच्या आऱ्यांचा ताण, स्विंगआर्मचा खेळ, आणि बॅश प्लेटखाली इंजिनावर दगडाचा मार आहे का, एवढंच. आरे वाजवून बघतात ते, नखाने, एक एक करून. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो. आणि एक केएलएक्स, मागून येणाऱ्या प्रशिक्षकासाठी, म्हणजे माझ्यासाठी. मागून येणाऱ्याला प्रत्येक पडलेल्या माणसापाशी थांबावं लागतं, उलट फिरावं लागतं, वाटेत आपली गाडी कुठेही टाकून दुसऱ्याची उचलायला धावावं लागतं. १३९ किलो मला तिथे लागतात. तात्यांनी चौघींना झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि मला विचारलं, "पोरी, आता या किती दिवस उभ्या राहतील?" त्याच दुपारी आम्ही चारही आडव्या केल्या.

सरांची ३९० राहिलीच म्हणाल तर नाही. ती त्यांनी स्वतःसाठी घेतली, स्वतःच्या पैशाने, आणि मैदानावर ती फक्त तेच चालवतात. छान चालवतात. ती पडते तेव्हा मात्र आम्हा सगळ्यांना हाक मारतात. आणि भाई अजून २१० चा हट्ट सोडत नाहीत, रेडिएटरबद्दल एवढं बोलूनही. सहा गिअर आहेत, महामार्गावरून पुण्याला सर्व्हिसला न्यायला बरी पडेल, असं त्यांचं म्हणणं. पावसाळा संपेपर्यंत तिन्ही एक्सपल्सचा खर्च वहीत लिहायचा, किती लिव्हर, किती क्लच प्लेटी, किती सीलं, आणि मग पाचव्या गाडीचं बघू, असं ठरलंय. वही भाईंकडे आहे आणि तिच्यात सध्या फक्त लिव्हर आहेत.